हात कोणाचा धरू?

नर्सबाईंनी पहिल्या भेटीतच माझ्या कानाखाली मारली. ओळख नंतर झाली. मी तेव्हा परभणीला कॉलेजात होते आणि खांद्याला पत्रकांची पिशवी अडकवून गावोगाव हिंडत होते. पिंगळीच्या स्टेशनावर उतरून तासभर चाललं की त्यांचं गाव लागायचं. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं हयात आहेत आणि त्यांचे हात अजून धड आहेत. आरोग्य उपकेंद्राच्या बाकावर पाच-सहा बाया बसल्या होत्या. मी प्रत्येकीच्या हातात विद्यापीठाच्या नामांतराचं पत्रक कोंबत चालले होते. शेवटची बाई काही घेईना. मी तिला म्हणाले, "दुखणी रोजचीच आहेत, आधी हे वाचा." तिला वाचता येत नव्हतं हे मला कळलं नाही. ती रक्तात बसली होती हेही दिसलं नाही. नर्सबाई आतून आल्या, त्यांनी बाकाखाली पाहिलं, आणि पुढच्या क्षणी माझा कान वाजत होता.

"उचल तिला. पायाकडून धर," त्या म्हणाल्या. "पत्रकं टाक खाली. उडाली तर उडू दे."

ती उडाली नाहीत. नंतर आम्ही त्या पत्रकांनीच बाक पुसला.

पुढच्या रविवारी मी परत गेले ते भांडायला. नर्सबाई भिंतीला पाठ लावून, तोंड दाराकडे करून बसल्या होत्या. त्या नेहमी तशाच बसत. टेबल, बीपीचं यंत्र, बायांचा बाक, सगळं त्या एका जागेच्या सोयीनं मांडलेलं होतं. पाठीमागे खिडकी असली की त्यांच्या हातून सुई नीट टोचली जात नसे. विद्यापीठाच्या नावाचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला, तेव्हा त्यांच्या सासरच्या वस्तीवर लोक मागच्या बाजूनं आले होते. छपरं जळत असताना नर्सबाई शेजारच्या ज्वारीत एका बाईचं बाळंतपण करत होत्या. बाळ ओरडू नये म्हणून त्यांनी त्याच्या तोंडावर तळहात धरला, आणि किती वेळ धरला याचा हिशोब त्यांना शेवटपर्यंत लागला नाही. बाळ जगलं. त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता. नवरा मार खाऊन वाचला आणि दोन वर्षांनी रक्त ओकत गेला. हे सगळं त्यांनी मला एकदाच, सिरिंजा उकळत असताना सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, "तुझ्या पत्रकात लिहू नको. त्या बाळाची माय अजून त्याच गावात रानात जाती."

मी भांडले नाही. त्या रविवारी बाकाजवळ उभी राहून नुसती ऐकत होते, आणि मला एक चमत्कारिक गोष्ट दिसली. तिथं आलेली एकही बाई आजारी नव्हती. आजारी होती ती प्रत्येकीची जाऊ.

"बाई, माझ्या जावेला अंगातून वाफा निघायल्यात. बसल्या बसल्या घामाघूम होती."

"माझ्या जावेचं काळीज लय धडधडायलंय. झोप न्हाई. लेकरांवर डाफरती, मंग एकटीच रडती."

"माझ्या जावेला मालक जवळ आला की आग आग होती. कोरडं पडलंय. न्हाई म्हणली तर मारतो."

चाळिशी-पन्नाशीच्या बाया. वाफा, घाम, जळजळ, रडणं आपल्या नावानं सांगायचं नाही, जावेच्या नावानं सांगायचं, असा अलिखित कायदा होता. तो सगळ्या जातींत एकसारखा होता. नर्सबाई त्या जावेला कधी उघडी पाडत नसत. समोरच्या बाईचा बीपी घेत, डोळ्याची पापणी खाली ओढून बघत आणि गंभीर चेहऱ्यानं सांगत, "जावेला म्हणावं, ही बाधा न्हाई. पाळी बंद व्हायची वेळ आली की अंगातलं एक द्रव्य आटतं, त्याच्या वाफा हायेत. दोन-चार वर्सं राहतील, मंग जातील." किंवा, "जावेला म्हणावं, पाळी पुढंमागं व्हायली म्हणून निर्धास्त राहू नको. पुरं एक वर्स कोरडं जाईस्तोवर दिवस जाऊ शकतेत." बाक हसायचा. विचारणारी पदर तोंडावर घ्यायची.

मारणाऱ्या नवऱ्याचं मात्र त्या जावेच्या गळ्यात घालत नसत. तिथं सरळ विचारत, "कुठं राहतो?" आणि संध्याकाळी गोळ्या द्यायच्या निमित्तानं त्याच्या दारात जाऊन उभ्या राहत. एकदा मी बरोबर होते. तो माणूस खाटेवर बसून भाकरी खात होता. नर्सबाईंनी आयोडिनची बाटली काढली, त्याच्या अंगठ्याला सोललेल्या जागी भसकन ओतली आणि तो किंचाळला तसं म्हणाल्या, "एवढं अंगठ्याला झोंबतंय. तिला तिथं झोंबतंय. आता जेव." त्या घरात पुन्हा मारहाण झाली नाही असं मी म्हणणार नाही. झाली. पण त्या बाईनं पुढच्या खेपेला जावेचं नाव घेतलं नाही.

आजारापेक्षा उपचारांनीच बाया जास्त मरत होत्या. वाफा येतात म्हणजे बाहेरचं लागलंय, म्हणून मिरच्यांची धुरी. चिडते म्हणजे अंगात शिरलंय, म्हणून कडुलिंबाच्या फोकांनी मार. एका बाईच्या बेंबीभोवती तापल्या सळईचे पाच डाग मी पाहिले आहेत, ताजे, पाणी सुटलेले. डाग देणारा भगत पुढच्या गावात राहत होता. नर्सबाई त्याच्याकडे गेल्या, त्याच्या चुलीतली सळई उचलली आणि म्हणाल्या, "माझा बी घाम जाईना. पर आधी तुमच्यावर करून दाखवा." भगत मागच्या दारानं पळाला. त्या हसल्या नाहीत. परतीच्या वाटेवर एवढंच म्हणाल्या, "सळई खरंच टेकवली असती पोरी. हात थांबला हे माझं नसीब."

मला राग यायचा तो वेगळाच. बाहेर एवढी लढाई चालली होती, पोरं लाठ्या खात होती, आणि ही बाई घाम आणि पाळी घेऊन बसली होती. मी एकदा तसं बोलले. नर्सबाई टेबलावरचं माझं पत्रक वरपासून खालपर्यंत वाचून म्हणाल्या, "यात मार खाणारी समदी गडीमाणसंच दिसायलीत. बाया कुठं गेल्या? का त्यांची जाऊ मार खाती?"

त्यानंतरच्या हिवाळ्यात जे झालं त्यात एक चूक नर्सबाईंची होती. त्यांनी ती कधी नाकारली नाही, म्हणून मीही लिहिते.

गावात सगळ्यात मोठं घर मालकांचं. मालक धाकटे भाऊ. थोरला भाऊ वारला होता, त्याची विधवा त्याच घरात राहत होती. सगळे तिला थोरल्या बाई म्हणत. पन्नाशीची, अबोल बाई. मालकांच्या बायकोला धाकट्या म्हणत. या धाकट्यांना वाफांचा फार त्रास होता. त्यांच्या भावानं त्यांना शहरातल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी तपासून दोन प्रकारच्या गोळ्या दिल्या. पांढरी रोज घ्यायची, पिवळी महिन्यातले ठरावीक दिवस पांढरीच्या जोडीनं. पांढरीनं वाफा पळाल्या. पिवळीनं पाळी परत आली.

इथं बाहेरच्या माणसाला कळणार नाही अशी गोष्ट आहे. पाळी बंद झाली की बाईच्या आयुष्यात एकच नफा होतो. चार दिवस बाजूला बसणं संपतं. ती बारमाही चुलीपाशी, देवापाशी जाऊ शकते, पापड-लोणच्याला हात लावू शकते. पिवळी गोळी ते हिरावून घेत होती. धाकट्यांनी पिवळ्या गोळ्या उकिरड्यावर फेकल्या आणि पांढऱ्या चालू ठेवल्या. भाऊ जुनी चिठ्ठी दाखवून परभणीहून आणून देत होता.

आणि आपल्याकडे नवं, चांगलं काही घरात आलं की ते एकट्यानं खायचं नसतं. शेंगा निघाल्या, गूळ आला, तर शेजारीपाजारी वानोळा जातो. धाकट्यांनी पांढऱ्या गोळ्यांचा वानोळा पाठवला. शेजारणीला, चुलत नणंदेला, सरपंचाच्या घरी. घरातल्या थोरल्या बाईंना तर आधीच. अशा सहा-सात घरांत बाया गुळाच्या खड्यासारख्या त्या गोळ्या चघळत होत्या.

एका रविवारी धाकट्या उपकेंद्रावर आल्या. मालकांच्या घरची बाई बाकावर बसते म्हणून इतर बाया सरकल्या. धाकट्या म्हणाल्या, "माझ्या जावेला बंद होऊन दोन वर्सं झाले. आता पंधरा दिवसांपासून परत अंगावर जायलंय. लय जायलंय."

"गोळ्या कोणत्या चालू होत्या?"

धाकट्यांनी पदराच्या गाठीतून पांढऱ्या गोळ्यांचं पाकीट काढलं.

"हिच्यासंगं पिवळी असती. ती कुठाय?"

"टाकली. तिनं विटाळ येतो."

नर्सबाईंनी कपाळावर हात मारला. "माय, पांढरी गर्भाच्या पिशवीच्या आत अस्तर वाढवती. पिवळी ते अस्तर वाढू देत न्हाई, झाडून काढती. तुमी झाडणारीलाच हाकललं. आत साचत साचत गेलं, आता फुटलंय. असं लय दिवस साचलं तर त्यातून कॅन्सर होतो. गोळ्या आजपासून बंद. आता इकडं या."

त्यांनी धाकट्यांची नाडी धरली, बीपी घेतला, पापणी ओढून पाहिली. पापणी लाल होती. नाडी भरलेली होती. म्हणाल्या, "रक्त काही फार गेलेलं न्हाई. मंगळवारी माझ्यासंगं सिव्हिलला चला. तिथं आतून तपासून घेऊ."

धाकट्या चुळबुळल्या. "मी न्हाई बाई. जावेला. खरंच जावेला."

"व्हय माय," नर्सबाई म्हणाल्या, "समद्यांची जाऊच असती."

बाक मोठ्यानं हसला. मीही हसले. धाकट्या उठून गेल्या.

पुढच्या मंगळवारी त्या आल्या नाहीत. येणारच नव्हत्या. ज्या बाईला रक्त जात होतं ती थोरली जाऊ होती, खरी, हाडामांसाची, आणि तिच्या पापणीखाली बघायला कोणी गेलं नव्हतं.

त्याच आठवड्याच्या रविवारी, दुपारी, किसनची बायको उपकेंद्रावर धावत आली. किसन गावच्या दलित वस्तीतला, मालकांचा सालगडी. ती उंबऱ्यात बसली आणि म्हणाली, "नर्सबाई, माझ्या माणसाला मारायलेत. लिंबाला बांधलाय."

थोरल्या बाई रक्ताची फडकी कडब्याच्या गंजीत लपवत होत्या. कुत्र्यानं एक ओढून अंगणात आणलं. मालकांनी पाहिलं. घरात कोणाकोणाची पाळी चालू आहे हे अशा घरांत पुरुषांनाही ठाऊक असतं, कारण जेवण वाढणारा हात बदलतो. थोरल्या दोन वर्षांत एकदाही बाजूला बसल्या नव्हत्या. मग हे रक्त कुठलं? मालकांनी हिशोब केला. विधवेनं पोट पाडलं. पोट आहे तर माणूस आहे. थोरल्यांच्या रानात रोज जाणारा माणूस किसन होता. नामांतरावरून आधीच गाव दोन तुकड्यांत उभं होतं, त्यामुळे पुरावा कोणी मागितला नाही.

नर्सबाईंनी पिशवी उचलली. मी म्हणाले, "आपण आधी पोलिसांकडे जाऊ." त्या चालतच म्हणाल्या, "पोलीस येईस्तोवर तिचं रक्त थांबणार हाय का?"

मालकांच्या अंगणात वीसेक माणसं होती. किसन लिंबाला बांधलेला, तोंड फुटलेलं, डावा डोळा दिसतच नव्हता. थोरल्या बाई मातीत पडल्या होत्या. त्यांना केसांना धरून आणलं होतं, कारण केसांचा पुंजका अजून मालकांच्या घड्याळाच्या पट्ट्यात अडकलेला होता. लुगडं कमरेखाली भिजून काळं झालं होतं. ओट्याच्या कडेला रॉकेलचे दोन डबे मांडून ठेवले होते. ते कुठं जाणार होते हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. थोरल्यांच्या तोंडून एक नाव आलं की वस्ती जाणार होती.

"नाव सांग वैनी," मालक म्हणत होते. "नाव सांग, तुला सोडतो."

गोळ्यांचं सांगितलं तर धाकटी मारली जाईल, एवढंच थोरल्यांच्या डोक्यात होतं. हे त्यांनी नंतर सांगितलं.

नर्सबाई माणसांतून वाट काढत पुढे गेल्या. "मालक, तिला आतून रक्त चाललंय. मला बघू द्या. मारायचं ते मंग मारा."

"तूच पाडलं असशील," मालक म्हणाले.

"पाडलं न्हाई. गर्भच नव्हता. गोळ्यांनी झालंय."

मालकांच्या हातात कुऱ्हाडीचा दांडा होता. तो नर्सबाईंच्या उजव्या हातावर बसला, त्या जुन्या भाजलेल्या कातडीवर. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. ओली काडी मोडावी तसा तो आवाज होता. नर्सबाई खाली बसल्या, उठल्या, आणि पिशवी डाव्या हातात घेतली. मालकांकडे त्यांनी पाहिलंच नाही. त्या स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून बोलल्या. दारामागे घरातल्या आणि शेजारच्या बाया गोळा होऊन उभ्या होत्या.

"पांढऱ्या गोळ्या ज्यांनी ज्यांनी खाल्ल्या त्यांनी बाहेर या. आज जावेचं नाव चालणार न्हाई."

दार हललं नाही. मालकांनी दांडा पुन्हा उचलला. तेव्हा धाकट्या बाहेर आल्या. डोक्यावर पदर नव्हता. मी त्या घरातली बाई भर अंगणात तशी कधी पाहिली नव्हती.

"गोळ्या मी दिल्या," त्या म्हणाल्या. "मी बी खाल्ल्या. मला बी दिवाळीपासून दोनदा अंगावर गेलं, आन् तुमी मला बाजूला बसवलं. मंग माझं बी पोट पडलं का? माझा बी माणूस कोण ते विचारा किसनला."

मालकांनी त्यांच्या तोंडात मारली. ओठ फाटला. त्या बोलतच राहिल्या, रक्त हनुवटीवरून खाली येत होतं. "मारा. अजून सहा घरी वानोळा गेलाय. सरपंचाच्या घरी गेलाय. ह्या उभ्या राह्यलेल्या समद्यांच्या बायका आणून बांधा लिंबाला. दावी पुरतात का बघा."

दारातून आणखी एक बाई पुढे आली. "मी खाल्ल्या," ती म्हणाली. मग दुसरी. "मी बी." तिसरी सरपंचाची बायको होती. ती येऊन थोरल्यांच्या शेजारी मातीत बसली.

दांडे धरलेली माणसं एकमेकांकडे बघू लागली. त्यांना पश्चात्ताप झाला असं कोणी समजू नये. प्रत्येकाला आपल्या घरचं रक्त चव्हाट्यावर येईल याची भीती वाटली, एवढंच. पण दांडे खाली आले. एक माणूस निघून गेला, मग चार गेले. रॉकेलचे डबे कोणी उचलून नेले ते मला दिसलं नाही.

थोरल्यांना बैलगाडीत घातलं. पुढे सडकेवर टेम्पो मिळाला. नर्सबाईंचा मोडका हात मी माझ्या ओढणीनं गळ्यात बांधला. त्यांच्या डाव्या हातात थोरल्यांचं मनगट होतं, ते त्यांनी परभणी येईपर्यंत सोडलं नाही. अर्ध्या वाटेत म्हणाल्या, "नाडी दोऱ्यासारखी झाली बघ. खरी जाऊ होती गं. आन् मी हसले."

सिव्हिलमध्ये थोरल्यांना रक्त चढवलं, पिशवी आतून खरवडून निघालेलं तपासायला पाठवलं. कॅन्सर झालेला नव्हता. पण अस्तर त्या वाटेला लागलं होतं, असं डॉक्टर म्हणाले. थोरल्या वाचल्या. त्या घरात परत गेल्या नाहीत, पेडगावला भावाकडे राहिल्या. किसनचा डोळा गेला. केस उभी राहिली आणि साक्षीदार एकेक करून बसले. मला विचाराल तर त्या अंगणात उभा असलेला प्रत्येक पुरुष आरोपी होता. कागदावर तीन आले आणि तिन्ही सुटले.

हात जुळला, पण वाकडा. त्या दिवसानंतर नर्सबाईंनी एक सवय लावून घेतली. कोणी बाई "माझ्या जावेला" म्हणाली की त्या सुई-औषध बाजूला ठेवून वाकडा हात पुढे करत आणि विचारत, "हात कोणाचा धरू?" बाईनं आपला हात पुढे केला तर ठीक. नाही केला तर त्या पायात चपला घालून म्हणत, "चल, जाऊ कुठाय दाखव." मग भर उन्हात दोन कोस जायला लागलं तरी जात. बाक आता हसत नसे.

मग त्यांनी मला पत्रक करायला लावलं. बायांचेच प्रश्न आणि त्यांची उत्तरं. प्रश्न 'मला', 'माझं' अशा शब्दांनी सुरू व्हायला पाहिजेत ही त्यांची अट होती. त्यातले काही असे. मला वाफा येतात, वेड लागलं का? न्हाई. मला गोळ्या चालतील का? तपासल्याबिगर न्हाई. ज्या बाईला छातीची गाठ झाली होती, पायाच्या शिरेत रक्त गोठलं होतं, कावीळ हाय, नाहीतर कशानं जायलंय ते कळंना असं रक्त जायलंय, तिनं तर न्हाईच. माझ्या गोळ्या बहिणीला देऊ का? शेंगा दे, गूळ दे, गोळी देऊ नको. माझी पिशवी काढून टाका, कटकट जाईल. वाफा पिशवीतून येत न्हाईत माय, पिशवी काढून थांबायच्या न्हाईत. माझी हाडं दुखतात. तीळ, नाचणी, दूध मिळंल ते खा, उन्हात बस, आन् नवऱ्याच्या आधी जेव. सातवा प्रश्न त्यांनी दोनदा लिहून घेतला. मला वर्षभर बंद राहून पुन्हा रक्त दिसलं तर? एक थेंब दिसला तरी ती पाळी न्हाई. त्याच आठवड्यात दवाखाना.

आमच्या कार्यकर्त्यांपैकी एकजण म्हणाला, "नामांतराच्या शाईनं विटाळाचं पत्रक?" मी सायक्लोस्टाइल यंत्राचं हँडल फिरवत राहिले. मला त्या वेळी वाटत होतं की नर्सबाईंसारखीच त्याच्या कानाखाली वाजवावी. अजून वाटतं.

पत्रक गावात गेलं आणि महिन्याभरात तक्रार आली, की नर्स बायांना घरच्यांविरुद्ध उठवते. बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला झाली. निघायच्या दिवशी सकाळी पेडगावहून थोरल्या बाईंचा वानोळा आला, पातेलंभर हुरडा. पातेलं रिकामं परत द्यायचं नसतं. नर्सबाईंनी त्यात पत्रकांची चवड घातली.

आमची शेवटची भेट परभणीच्या बसस्टँडवर झाली, त्यानंतर वर्षभरानं. त्या पगाराच्या कामाला आल्या होत्या. वाळल्या होत्या. त्या दिवशी मोर्चा होता, माझ्या दोन्ही हातांत काठ्यांना लावलेल्या पाट्या होत्या, मागून पोरं मला हाका मारत होती. नर्सबाई म्हणाल्या, "गंगाखेडच्या माझ्या जावेचं विचारायचं होतं. दोन वर्सं बंद होतं. आता परत दिसायलंय."

त्यांचा दीर गंगाखेडला होता. जाऊ खरी होती, मला ठाऊक होतं. मी पिशवीतून पत्रक काढलं आणि हसत त्यांच्या हातात दिलं. "बाई, सातवा प्रश्न. तुम्हीच सांगितलाय. जावेला लगेच सिव्हिलला न्या."

त्यांनी पत्रकाची घडी घातली. "नेते तिला," म्हणाल्या. "जा तू, तुझी माणसं थांबलीत."

मी गेले. त्या दिवशी लाठीमार झाला, माझं डोकं फुटलं, आणि त्याचा मला बरेच दिवस अभिमान होता.

विद्यापीठाचं नाव बदललं तेव्हा नर्सबाई नव्हत्या. काही महिने आधी त्या गेल्या. पिशवीचा कॅन्सर, पसरलेला. मी गंगाखेडला गेले. दारात त्यांची जाऊ उभी होती. पस्तिशीचीही नसेल. काखेत दूध पिणारं लेकरू होतं. मी पायरीवरच बसले. ती म्हणाली, "आक्कानी कोणाला सांगितलंच न्हाई बघा. तुमाला तरी सांगितलं होतं का?"

मी हो म्हणाले.

त्या दवाखान्यात का गेल्या नाहीत याची पुष्कळ उत्तरं मी स्वतःला दिली आहेत. रजा मिळत नव्हती, पाठ दाराकडे करून टेबलावर झोपायची भीती होती, सिव्हिलमधले सगळे ओळखीचे होते. एकही पुरेसं नाही. त्या विचारायला माझ्याकडे आल्या होत्या आणि माझे दोन्ही हात भरलेले होते.

आता मी गावात जाते तेव्हा पत्रकं पिशवीतच ठेवते. बाई बोलू लागते, "ताई, माझ्या जावेला..." मी पिशवी जमिनीवर टाकते आणि हात पुढे करते.